डाव्या पाकळ्या

पुलाचं काम किती पुढे गेलं, हे मला भाताच्या टोपावरून कळायचं. खोदकाम चालू असलं की टोप दोनदा चढवावा लागे. खणणारी माणसं भात मोजून खात नाहीत. सळया बांधणारे आले की भात कमी आणि चपात्या जास्त. सिमेंट ओतायचं असलं की जेवायची वेळच राहत नसे, माणसं उभ्या उभ्या खाऊन पळत. बोरिवलीला हायवेवर नदीचा जुना पूल होता, त्याच्या तोंडाशी माझी खानावळ. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, मागे चूल. पुलाच्या कामावरची निम्मी माणसं माझ्याकडे जेवत. म्हणजे जो रस्ता रुंद होऊन माझ्या चुलीवरून जाणार होता, त्याला मीच जेवू घालत होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. धंदा तो धंदा.

तेव्हा गिरणी बंद पडून नवरा घरी बसलेला. घर माझ्या चुलीवर चालत होतं, आणि चूल हायवेवर होती म्हणून चालत होती. रस्त्यापासून पन्नास पावलं आत सरकली असती, तर कोणी ट्रकवाला उतरून जेवायला आला नसता.

आमची ओळ होती. पंक्चरवाला, नारळवाला, केस कापणारा, आणखी काही. सगळे कोकणातले, बहुतेक मालवणच्या बाजूचे. ओळीच्या टोकाला पिंपळाखाली एक पाषाण मांडलेला, त्याला आम्ही आमचा देव मानायचो. त्याचं सगळं करायचे माझे थोरले दीर. त्यांची चहाची टपरी होती. सगळी ओळ त्यांना दादा म्हणे, मीही. देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. आवाज असा, की पुलावरचे ट्रक ऐकू येईनासे होत.

कंत्राटदाराचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा सगळ्या पत्र्यांवर लाल रंगाने खुणा करून गेला. "घाबरता कशाला ताई," मला म्हणाला, "आत डोंगराच्या बाजूला जागा देणार ना सगळ्यांना! मोठी. झकास."

"डोंगरावर जेवायला कोण येणार? माकडं?" मी विचारलं.

तो हसला. दादाही हसले. त्याच संध्याकाळी पिंपळाखाली ठरलं की उठायचं तर सगळ्यांनी एकदम, आणि रस्त्याला लागून जागा मिळाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. देवासमोर नारळ फुटला. दादांनीच फोडला.

पुढे पुलाचे नवे खांब नदीतून वर आले. जुन्या पुलाच्या बाजूला त्यांची रांग उभी राहिली, आणि कंत्राटदाराचा माणूस रोज येऊ लागला. ओळीत कुजबुज सुरू झाली. पंक्चरवाला म्हणायचा, "वयनी, मशीन लावून काढलान तर आपण काय करतलंव?" मी म्हणायचे, मशीन येईल तेव्हा बघू. पण लोक घाबरले की त्यांना कोणीतरी सांगावं लागतं, आणि आमच्यात सांगायचं काम देवाचं. कौल लावायचं ठरलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलांच्या पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालून देवाला विचारतात. पाणी सुकत जातं तशा पाकळ्या सुटतात. कुठल्या अंगाची आधी पडते, त्यावर देवाचं उत्तर. आमच्या गावी लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं यावर ठरायचं. हायवे ठरवायची पाळी बहुधा पहिल्यांदाच आली असावी.

कौलाच्या दिवशी सकाळी दादा माझ्या चुलीपाशी आले. "अगो, पोट बिघाडलाहा. वाटीभर पेज दी. रेशनच्या तांदळाची कर, उकड्याची नको. आणि जरा घट्ट."

"पोट बिघडलंय तर पातळ प्या ना."

"भूकय लागलीहा!"

मी दिली. मीठ घालायच्या आधीच दादा वाटी उचलून निघाले. चुलीवर दोन टोप असताना माणूस अशा गोष्टींकडे बघत बसत नाही.

दुपारी सगळी ओळ पिंपळाखाली. दादांनी आंघोळ करून पाकळ्या लावल्या, आमच्याकडे पाठ करून, नेहमीसारख्याच. मग हात जोडले. "बा देवा महाराजा! रस्तो मोठो होताहा, पूल नवो होताहा. आमी तुझी लेकरा हयसून उठाचा काय रवाचा, ता तूच सांग. उठाचा आसात तर उजवी दी, रवाचा आसात तर डावी दी!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. मीही.

उजवी पडली. थोड्या वेळाने दुसरी उजवी पडली. डाव्या बाजूची एकही हलली नाही. पंक्चरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केस कापणारा म्हणाला, "देव सोता सांगताहा, आता आपण कोण?" मला राग आला होता, पण शब्द दिला होता. कौल लावायला मी हो म्हटलं होतं, आणि डावी पडली असती तर मीच सगळ्यांना पुढे लोटून उभं केलं असतं. खेळ मान्य केला की हारही मान्य करावी लागते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पत्रे उतरवले. चुलीच्या विटा वेगळ्या रचून ठेवल्या, पुन्हा लागणार म्हणून.

ओळ रिकामी झाल्यावर शेवटी पाषाण हलवायचा होता. पुरुष खणत होते. दादा म्हणाले, पाषाण नुसता उचला, धुवू नका, नव्या जागी धुऊ. पण त्यावर इतकी माती आणि तेल होतं की उचलताना हातातून निसटला असता. मी बादली आणून सरळ पाणी ओतलं आणि हाताने चोळलं. उजवी बाजू लगेच साफ झाली. डाव्या बाजूला त्या पाकळ्या अजून होत्या. सुकून काळ्या पडलेल्या, पण पक्क्या. पाण्याने निघेनात. नखाने खरवडल्या तेव्हा खाली पांढरा, कडक थर लागला. जन्मभर टोप घासलेल्या बाईला तो थर ओळखायला किती वेळ लागणार? टोपाच्या काठाला सुकलेली पेज अशीच धरते. माझीच होती ती.

मी एक पाकळी गुपचूप पदरात बांधली. कोणी देवाशी खेळतो तो उगाच खेळत नाही. कशासाठी, ते मला आधी कळून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं. डोंगराच्या बाजूच्या जागेवर चूल मांडून मी भात केला आणि टोप घेऊन पुलाच्या कामावर गेले, कारण माणसं आता माझ्याकडे चालत येणार नव्हती. मुकादम नगरकडचा, माझ्याकडे रोज दोन वेळा जेवणारा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, आता जेवण कॅम्पातच. साहेबांनी कँटीन दिलंय."

"कुणाला?"

त्याने फक्त मान वळवली. नव्या पुलाच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून, ताडपत्रीची शेड. आत जाऊबाई डाव घेऊन बसलेल्या. दादा गल्ल्यावर. आणि मागे, पिंपातून पाणी काढून तांबे भरत होता माझा नवरा. सकाळी घरातून निघताना म्हणाला होता, काम बघायला अंधेरीला जातो.

मी टोप जमिनीवर ठेवला.

"ये गो, बस," जाऊबाई म्हणाल्या. वर न बघता.

मी दादांसमोर उभी राहिले. "डाव्या पाकळ्यांना पेज लावलीत?"

"हळू बोल."

"लावलीत की नाही?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "मी फक्त डावे धरून ठेवलंय. उजवे देवानच पाडल्यान ना? ते काय मी पाडूक नाय."

आजही मला हे वाक्य आठवलं की आधी हसू येतं. मग ते राहत नाही.

"सगळ्यांनी एकदम उठायचं, नारळ तुम्हीच फोडला होता."

"अगो, उठाचा तर होताच. आज नाय तर उद्या. कोण तरी एक रस्त्यार रवतलोच होतो. आपल्या घरातलो रवलो तर वायट काय?"

"घरातलो? मग मी कोण? ही माणसं माझ्याकडे जेवत होती."

"म्हणान तर तुझ्या घोवाक कामाक ठेवलंय," दादा म्हणाले. "तुझ्याच घरात पैसो येतलो."

मी नवऱ्याकडे वळले. तांब्या भरून वाहत होता तरी त्याने तो पिंपाच्या तोटीखालून काढला नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दादान सांगितलान, गप रव," तो म्हणाला. "मोठो भाव आसा तो."

म्हणजे कौलाच्या दुपारी माझ्या शेजारी उभा राहून "व्हय महाराजा" म्हणताना याला ठाऊक होतं. मी पत्रे उतरवले तेव्हा शिडी यानेच धरली होती.

मी ओळीतल्या लोकांना सांगितलं. पंक्चरवाल्याला पदराची गाठ सोडून ती पाकळीही दाखवली. त्याने बघितली आणि हात मागे घेतला. "वयनी, आता बोलान काय उपेग? टपऱ्यांचे खांब उपटले, पत्रे वाकले. उगाच देवाचा नाव वायट होतला." त्याचा दोष नाही. देवाने उठवलं म्हटलं की माणसाला झोप लागते. दादाने उठवलं म्हटलं तर भांडायला जावं लागतं, आणि भांडून जागा मिळणार नव्हती. माझ्याबरोबर कोणी आलं नाही. डोंगराच्या बाजूला अपेक्षेप्रमाणे कोणी जेवायलाही आलं नाही. मी खानावळ बंद केली आणि एका कारखान्यात डबे पुरवायला लागले. नवरा कँटीनमध्ये जातच राहिला. त्याचं ताट मी झाकून ठेवत होते, बोलत नव्हते.

पूल उघडला. जुन्यापेक्षा दुप्पट रुंद, दिवेसुद्धा चांगले. काम संपलं तसं कँटीनही संपलं, कारण कॅम्प हलला. ताडपत्रीची शेड कंत्राटदाराच्या माणसाने एका सकाळी गुंडाळून ट्रकमध्ये टाकली आणि दादा आमच्यासारखे डोंगराच्या बाजूला आले. मला त्याचा आनंद झाला असता, पण माझी चूल परत येणार नव्हती. ती आता डांबराखाली होती.

मग तोच माणूस पुन्हा लाल रंगाचा डबा घेऊन आला. हायवेच्या बाजूने आणखी एक लहान रस्ता काढायचा होता, आणि आम्ही त्यातही आडवे येत होतो. ओळ पुन्हा पाषाणापाशी जमली. कौल लावूया, कोणीतरी म्हणालं. दादांनी पाकळ्या हातात घेतल्या.

मी पुढे गेले आणि त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "यात बुडवा. आणि आज आमच्याकडे तोंड करून लावा."

पंक्चरवाला जमिनीकडे बघत होता, त्याला कळलं होतं. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. दादांनी तांब्याकडे बघितलं, पाषाणाकडे बघितलं, मग पाकळ्या पुन्हा ताटात ठेवल्या.

"आज नको," ते म्हणाले. "आज देवाची मर्जी दिसत नाय."

"मग ज्याचं त्याने ठरवा," मी म्हटलं आणि तांब्या उचलला. कारखान्याचे डबे भरायचे होते.