पॅडवरची थाप

कल्पना करा, दुबईच्या भर उन्हाळ्यात तुम्ही बंदिस्त रिंकच्या बर्फावर गोलसमोर उभे आहात आणि कडक रबरी चकती तुमच्या रोखाने सुसाट येते आहे. १९९९ साली अल कुसैसला राहणारा समाधान रिंकवर बर्फ सारखा करता करता आमच्या आइस हॉकी क्लबचा पगारी गोलकीपर झाला होता. चकतीला तो कधी भ्यायला नाही.

गोल खाल्ला की सोबती येऊन गोलकीपरच्या पायाच्या पॅडवर काठीने हलकेच थोपटतात, म्हणजे आम्ही आहोत. सलग चौथा सामना हरताना मात्र कोणीच आलं नाही. तो सगळ्यांच्या पाठी बघत राहिला आणि पुढचे दोन साधे फटकेही पायांमधून आत गेले.

ड्रेसिंग रूममध्ये कॅनडात शिकून आलेला कप्तान निखिल म्हणाला, "खलास! आता शुक्रवारी बघू."

"शुक्रवारी मीच ना रे?" समाधानने विचारलं.

"तूच. दुसरा आहे कोण, हबीबी?"

सगळे हसले. तोही हसला, पण हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून पॅडचे पट्टे सोडू लागला.

आजही भेटला की तो मला विचारतो, "तेव्हा ते थोपटायला विसरले होते, की त्यांचा माझ्यावरचा विश्वासच उडाला होता?"