चासीवरचं कुंकू

माझे वडील, आप्पा, गेले आणि त्यांची जीप माझ्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे दुसरं कुणी घेईना. भाऊ म्हणाला, "घाल भंगारात, तुला काय करायचीय?" मी तोंडाची फटकळ आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, "तुझी वरात त्याच जीपमधून निघाली होती, जरा लाज बाळग." मी दौंडला रेल्वेत नोकरीला, राहते तिथंच कॉलनीत. जीप मात्र गावी, निमोण्याला, शेतातल्या शेडखाली उभी.

आप्पांच्या माघारी गाडी माझ्या नावावर करायची तर आरटीओचा एजंट म्हणाला, आधी चासी नंबरची छाप आणा. इंजिन बदललेलं होतं, त्याची काळजी नव्हती. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं ही आमच्याकडची जुनी रीत, आणि गाडीच्या आरसी पुस्तकात तशी नोंदही होती. पण चासी म्हणजे गाडीचा कणा. तिच्यावरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळला नाही तर सरकारच्या लेखी ती गाडीच नव्हे. मग भंगारवाला टपलेलाच असतो.

एका रविवारी निमोण्याला गेले. नंबर पुढच्या चाकाजवळ, खालच्या लोखंडावर ठोकलेला असतो. वाकून पाहिलं तर तिथं तेलाचा आणि कुंकवाचा जाड थर. तो कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. दसऱ्याला आम्ही सगळे बॉनेटवर स्वस्तिक काढायचो, झेंडूची माळ घालायचो. मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, तेवढी चाकाशी खाली बसायची आणि आत हात घालून बोटानं तेल आणि कुंकू लावायची. "अगं, बॉनेट वर आहे," म्हणून आम्ही हसायचो. ती म्हणायची, "असू दे." चुलते वारले तेव्हा तिचं स्वतःचं कुंकू गेलं, पण तिथलं कधी चुकलं नाही.

खुरप्याच्या टोकानं थर खरवडला, डिझेलच्या फडक्यानं पुसला. खाली गंजाचा ठिपका नव्हता. कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर स्वच्छ उमटला. पुस्तक उघडून ताडून पाहिलं. एखादा आकडा चुकलेला असता तर समजलं असतं, पण सगळा नंबरच वेगळा होता.

आप्पांची जीप सांभाळणारे जुने मिस्त्री दौंडलाच असतात. त्यांच्या वडलांपासून आमच्या घरी येणं-जाणं, ईदला शीरखुर्मा यायचा. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी छाप हातात घेतली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, पुढची अक्षरं गाडीची जात सांगत्यात. तुमची जीप लो बॉनेटची, बसक्या तोंडाची. हा नंबर हाय बॉनेटचा, उंच तोंडाच्या जीपचा हाय."

"मग ही चासी कुणाची?"

"मला कशाला विचारताय? तुमच्या घरात हाय बॉनेट कुणाची व्हती?"

दादाची होती. मोठ्या आईचा एकुलता एक मुलगा. शिरूरहून येताना त्याची जीप वळणावर उलटली आणि तो जागीच गेला. चुलत्यांनी सांगितलं, गाडीचे तुकडे करा, आणि त्याचं नाव या घरात परत निघता कामा नये. पोराच्या दुःखानं माणूस दगड झाला होता. त्या दिवसापासून ते नाव खरंच निघालं नाही. घरात लग्नं झाली, बारशी झाली, जुन्या गोष्टी निघाल्या, त्याच्यापाशी आलं की सगळे थांबायचे. चुलते गेले तरी ती सवय गेली नाही.

मामांनी मग उरलेलं सांगितलं. त्याच वर्षी कांद्याच्या गोण्या भरून आप्पांच्या जीपची चासी तडकली होती. आप्पांनी दादाच्या जीपची चासी ट्रॉलीत घालून दौंडला आणली आणि आपल्या गाडीखाली बसवून घेतली. "बोलायचं न्हाई म्हणून शपथ घातली व्हती. म्हणून कवा बोललो न्हाई."

मला आप्पांचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण आला. मोठी आई दवाखान्याला त्याच जीपमधून जायची. लग्नकार्याला, देवाला त्याच जीपमधून. ज्या लोखंडानं पोर नेलं त्याच्यावर तिला बसवून आप्पा निवांत गाडी चालवत होते. कसं जमलं त्यांना?

एजंटाचं वेगळंच. दादाच्या गाडीची नोंद कुणी रद्दच केली नव्हती. तेव्हा आप्पांचं पुस्तक जमा करायचं आणि दादाची गाडी म्हणून ही माझ्या नावावर करून घ्यायची. "सोपं हाय ताई, त्याच्या वारसाची सही आणा." वारस एकच, मोठी आई. याला सोपं म्हणतात.

ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. वाटेत मी काय काय जुळवलं होतं, ते राहिलंच. छाप नुसती तिच्यापुढं धरली. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं.

"कुंकू लावते तिथलं हाय का हे?"

"तुला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं व्हतं तुझ्या बापाला," ती म्हणाली. "ह्यांनी तुकडं करायला काढलं व्हतं. म्हटलं, भाऊजी, तेवढी चासी ठिवा कुठंतरी. पोरानं सोताच्या हातानं रंगवली व्हती ती. त्यात मेला, खरं हाय. पर जगला बी त्यातच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. ह्यांच्या कानावर गेलं असतं."

तिचं खरं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आप्पांवर उगाच चिडले त्याचंही रडले. ती लसणाच्या हातानं माझी पाठ चोळत राहिली.

सहीसाठी तिला शिरूरच्या आरटीओ कॅम्पला यावं लागलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पुढच्या सीटवर बसली. मैदानात टेम्पो, ट्रॅक्टर, ट्रक यांची ही रांग. साहेबानं वाकून नंबर ताडून पाहिला. "जुन्या गाड्यांचे नंबर गंजून जातात. हा कसा राहिला?" मी म्हटलं, "घरातल्या बायका तेल लावतात." त्यानं मान हलवली आणि कागद टेबलाकडं पाठवला.

आम्ही बाकावर बसलो. कागद अजून जुन्याच नावावर होता. कारकुनानं तो उचलला आणि मोठ्यानं पुकारा केला. दादाचं नाव, मग चुलत्यांचं, मग आडनाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव कुणीतरी मोठ्यानं घेत होतं. मी घाईनं उठले. तो माणूस हयात नाही, वारस आलेत, असं सांगायचं होतं.

त्याआधीच मोठ्या आईनं हात वर केला होता.

"हाय," ती म्हणाली. "हितंच हाय."