निःशेष भाग जाणारे मामा

पृथ्वीवरची एकही संख्या आमच्या मामेसासऱ्यांनी तपासल्याशिवाय सोडलेली नाही, असे माझे ठाम मत आहे. एसटीचा नंबर असो की दवाखान्यातल्या टोकनचा, मामा आधी त्याला दोनाने, तिनाने, पाचाने भागून बघणार आणि मगच पुढचे पाऊल टाकणार. तोवर गाडी अहमदपूरच्या वाटेला लागलेली असते. भाग गेला की चेहरा खुलतो. कशानेच गेला नाही तर "मूळ संख्या हाय, जावई," असे दबक्या आवाजात सांगतात, घरात कुणी आजारी असल्यासारखे. माझ्या लग्नात शेवटच्या पंगतीला त्रेपन्न माणसे बसली. त्रेपन्नाच्या सारख्या रांगा काही होईनात. मामांनी वाढप थांबवले, बाहेर बिडी ओढत बसलेल्या बँडवाल्याला आणून बसवले, नवाच्या सहा रांगा केल्या आणि मगच वरण पुढे सरकले. माझे वडील त्या पंगतीत भुकेले बसले होते. त्यांनी मामांना कधीच माफ केले नाही.

मामा गावच्या शाळेत गणित शिकवत. भूकंपात गावही गेले आणि शाळाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणून मदतीचे वाटप त्यांच्या गळ्यात पडले. कुटुंबे सत्त्याण्णव आणि चादरी यायच्या डझनाने. एखादी कमी पडली की कालपर्यंत एकमेकांना सावरणारे शेजारी अंगावर धावून जात. मामांनी गुपचूप आपलेच घर वाटपातून वगळले. शहाण्णवाला बाराने छान भाग जातो. मामी अजून ऐकवतात, "हिवाळाभर एका गोधडीत कुडकुडलो, पण ह्यांचा भाग गेला."

पुढे लातुरात क्लासेसचे पीक आले. घरटी एक डॉक्टर काढायचा विडाच शहराने उचलला होता. रिकामा गाळा दिसला की त्यात बाके आणि फळा येई. अशाच एका क्लासमध्ये मामा आठवीला शिकवू लागले. मालकाचे म्हणणे, विभाजक, विभाज्य, मूळ संख्या एका तासात उरकायचे, ट्रिक सांगायची आणि पुढे जायचे. मामांना त्याच धड्याला पंधरवडा लागे. एक पालक तावातावाने आले, "गुरुजी, पोराला डॉक्टर व्हायचंय. भागाकार काय घेऊन बसलात?" मामा म्हणाले, "नाडी मोजाया तरी यायला पायजे ना."

त्या क्लासचा एक रिवाज होता. प्रत्येक चाचणीनंतर पहिल्या बॅचमधल्या शेवटच्याला खालच्या बॅचमध्ये ढकलायचे. बॅचमध्ये मुले सदतीस. तिघांचे एक बाक, अशी बारा बाके भरून निलंग्याची एक मुलगी दाराशी स्टुलावर उरायची. मार्कांतही तीच शेवटची. मालक खुशीत म्हणाला, "गुरुजी, सदतीसचे छत्तीस करून देतो. अगदी तुमच्या मनासारखं."

"न्हाई," मामा म्हणाले. "बाकी उरली तर लिहायची असती, पुसायची नसती. ती पोरगी इथंच बसंल."

घर त्याच पगारावर चालत होते, तरी मामा अडून बसले. मालकाने मुलीला खाली पाठवलेच, शिवाय मामांनाही दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितले.

त्या संध्याकाळी मी स्कूटर घेऊन त्यांना आणायला गेलो. जिन्यात ती मुलगी उभी होती. "गुरुजी, दोनशे एकवीस मूळच ना? सातापर्यंत भागून बघितलं."

"पुढं बघ की."

ती तळहातावर पेनाने भागाकार करू लागली. अकराने बाकी एक उरली. "मूळच हाय, गुरुजी."

मालक शटर ओढायला येऊन उभा राहिला. मला राहवेना. "मामा, सांगून टाका ना." त्यांनी हातानेच मला थांबवले. तळहात भरला तशी मुलगी मनगटावर सरकली.

"तेरानं गेला," ती हळूच म्हणाली. "सतरा वेळा."

"हां," म्हणून मामा खाली येऊन स्कूटरवर माझ्या मागे बसले. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होते. उद्याचे काय, हे न विचारताच मी स्कूटर चालू केली. वाटेत मागून मामाच म्हणाले, "अजून चार दिवस मिळाले असते जावई, तर भागून बघताना कुठं थांबायचं ते बी तिला कळलं असतं."