हातात संशयास्पद पिशवी

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने वजन केलं की काट्याकडे बघते, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की त्याला आपल्याकडून काय हवंय याचा विचार करते. नवरा म्हणतो, तू पोलिसात असायला हवी होतीस. म्हणूनच शेलूच्या आमच्या नव्या इमारतीत कमिटी झाली तेव्हा सुरक्षेचं काम माझ्या गळ्यात पडलं. गेटवर कॅमेरा, पाहुण्यांची वही, इंटरकॉमवर विचारल्याशिवाय कुणालाही वर सोडायचं नाही, हे सगळे नियम माझेच.

मेच्या अखेरीस शेजारच्या बांधकामावरच्या सुपरवायझरवर हल्ला झाला. संध्याकाळी सातच्या सुमारास. आरडाओरडा आम्हीही ऐकला, पण बांधकामाच्या त्या पत्र्यांपलीकडे रोजच काहीतरी चाललेलं असतं. तासाभरात मोबाईलवर एका लोकल न्यूज चॅनेलची बातमी आली. सुपरवायझर ठार, तोंडं बांधलेले तीन कोयतेवाले, प्रत्यक्षदर्शींनी दिलेली माहिती. कोण हे प्रत्यक्षदर्शी? आमच्या गार्डने काही पाहिलं नव्हतं, आणि तिकडे तोंड करून असणारा तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरची नर्स ड्यूटीवरून आली. म्हणाली, "अहो, कसला ठार? खांद्याला टाके पडलेत. पहाटे चहा मागत होता." मी ताबडतोब इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की बातमी खोटी आहे, माणूस जिवंत आहे. चार जणांनी अंगठे दिले, बातमी कुणी काढली नाही. दुपारपर्यंत दुसऱ्या एका चॅनेलवर तीनचे पाच झाले होते. मला एका बाजूने संताप येत होता आणि दुसऱ्या बाजूने, खरं सांगायचं तर, आपण कसे फसलो नाही याचा आनंदही होत होता.

मग तो व्हिडिओ आला. आमच्याच गेटवरच्या कॅमेऱ्यातला, बारा सेकंदांचा. 'शेलू हत्याकांड : कोयताधारी संशयित इमारतीची टेहळणी करताना कैद. हातात संशयास्पद पिशवी.' चौकडीचा शर्ट, अर्धी चड्डी, कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता. त्या कोयत्याभोवती लाल गोल काढलेला. माणूस गेटसमोर उभा राहतो, मान वर करून बघत राहतो, आणि गार्डच्या केबिनकडे वळतो, तिथे व्हिडिओ संपतो.

तो माझा मामा होता. पोशीरला भातशेती करतो. आई गेल्यापासून माहेर म्हणून मला तेवढा एकच माणूस उरलाय. आणि ती संशयास्पद पिशवी माझ्या फ्रिजमध्ये होती. तिच्यात करवंदं होती.

झालं होतं असं. हल्ल्याच्या दिवशी साडेसहाला कमिटी माझ्याच घरी बसली होती. चेअरमन सांगत होते की हल्ली रस्त्याने कोयते लावलेली माणसं फिरतात, बायकामुलांनी बाहेर कसं पडायचं. खरं तर पावसाच्या आधी आमच्या गावाकडे प्रत्येकाच्या कमरेला कोयता असतो. झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्या शेतात पसरून जाळायच्या आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. मी त्यात वाढले. तरी मी चेअरमनच्या बोलण्याला मान डोलावत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात इंटरकॉम वाजला. गार्ड म्हणाला, "तुमचे मामा हायत म्हनतात. कोयता हाय कमरेला. सोडू का?"

स्वयंपाकघराच्या दारातून मला चेअरमनचे पॉलिश केलेले बूट दिसत होते. मी हळूच म्हटलं, "मी घरी नाही म्हणून सांगा. काही दिलं तर ठेवून घ्या."

एवढंच. सगळे गेल्यावर गार्डने पिशवी आणून दिली, आणि थोड्या वेळाने तो आरडाओरडा झाला.

आता याहून लाजेची गोष्ट सांगते. व्हिडिओ बघून पहिला विचार 'हे खोटं आहे' असा आलाच नाही. मनात पाल चुकचुकली : मामा तापट आहे, इथून गेल्यावर सात वाजता होता कुठे? सकाळी त्याच बातम्यांचा खोटेपणा पुराव्यानिशी दाखवणारी मी, दुपारी त्यांचा लाल गोल बघून सख्ख्या मामावर संशय घेत होते.

संध्याकाळी पाचला मामीचा फोन आला. रडत होती. "ह्येंना नेलाय गं पोलिसांनी. ह्ये सांगतात भाचीकडं गेलतो, पन ती घरी नव्हती. पोलीस म्हनतात, घरी नव्हती तर एवढा येळ वर काय बघत हुता?"

मी चेअरमनना विचारलं, व्हिडिओ चॅनेलला कुणी दिला? म्हणाले, "मीच. लोकांना सावध करायला नको?" मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडले असते तर त्यांनी विचारलं असतं, तुम्ही याला कशा ओळखता? मी पाहुण्यांची वही उचलली आणि रिक्षा केली.

मामा पोलीस ठाण्यात बाकावर बसला होता. कोयता काढून घेतला होता, कमरेला नुसता आकडा लोंबत होता. साहेबांनी वहीत मामाच्या नावापुढची वेळ बघितली.

"साडेसहाला तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"मग गार्डने नाही म्हणून का सांगितलं?"

"मीच सांगायला लावलं."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो फरशीकडे बघत राहिला. मामा ज्याच्या गाडीने घरी गेला होता त्या टेंपोवाल्याला साहेबांनी फोन लावला. सात वाजता मामा त्याच्या टेंपोत नेरळ सोडून पोशीरच्या रस्त्याला लागलेला होता. त्याला सोडलं, कोयताही परत दिला.

पुढे कळलं की सुपरवायझरचं भांडण साइटवरच्याच दोन कामगारांशी झालं होतं, आणि मार लोखंडी गजाचा होता. कोयता त्यात नव्हताच. एका चॅनेलने दोन ओळींचा खुलासा टाकला. मामाचा व्हिडिओ मात्र अजून फिरतो, परवा मला कळंबच्या एका ओळखीच्या बाईने 'सावध राहा' म्हणून पाठवला.

त्या संध्याकाळी आम्ही टेंपोची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे होतो. मला राहवेना. "मामा, मी घरी आहे हे तुला कळलं होतं?"

"पंखा फिरत हुता गं तुझा. खालनं दिसतो."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस? मारलं असतं त्यांनी तुला."

टेंपो आला. मामा मागे चढून बसला, कोयता मांडीवर आडवा घेतला.

"तू नाय म्हनून सांगितलंस ना? मग मी कशाला तुला खोटी पाडू?"