एकाच रोटाचे

बशी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "बठ्ठा एकज रोटना खानारा शेतस." म्हणजे, सगळे एकाच रोटाचे खाणारे आहेत. जंतू ओळखायची अक्कांची ही पद्धत. पुस्तकात ती सापडणार नाही. मी शोधून पाहिली आहे.

नव्वदच्या आसपास मी देवपूरच्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा अक्का तिथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. कानबाईचे रोट, म्हणजे त्या देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, तुम्हाला ठाऊक असतीलच. श्रावणात ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडाही नाही. मी दरवर्षी मागायचे आणि अक्का माझ्या काटकुळ्या दंडाला चिमटा काढून म्हणायच्या, "तुन्हं कूळ दुसरं शे."

पाचोऱ्याचे एक पीटीचे मास्तर होते. मोडलेल्या मांडीत स्टीलची सळई घातलेली आणि जखम काही केल्या सुकेना. पू दोनदा आमच्याकडे आला, दोन्हीदा मी लिहिलं, 'वाढ नाही'. आमच्याकडे दीड दिवसाच्या गणपतीचा रिवाज होता. तेवढ्यात बशीवर काही उगवलं नाही, तर विसर्जन, म्हणजे कुकरमध्ये उकळून फेकून देणं. जंतूच सापडेना, तर डॉक्टर औषध कुठलं देणार? हाड सडत चाललं होतं आणि मास्तरांचा पाय कापायचं ठरत आलं होतं.

तिसऱ्या वेळी अक्कांनी बशी माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा उबेला ठेवली. चौथ्या दिवशी तिच्यावर एक गरगरीत पिवळा ठिपका होता आणि भोवती खसखशीएवढे फिकट ठिपके. मी म्हटलं, धूळ पडली. अक्का म्हणाल्या, कानबाईला सुरतहून गिरणीतला दीर येतो तो वाळलेला, गावातला दीर ढेरपोट्या, म्हणून काय कुळं वेगळी? सळईला चिकटून राहिलेला जंतू आतून बदलतो, सावकाश वाढतो, औषधालाही दाद देत नाही.

"बारका शे, पन आमनाज शे." आमचाच, म्हणजे त्याच कुळातला.

पुरावा हवा होता. अक्कांनी एक खसखशीचा दाणा उचलून नव्या बशीवर रेघाटला. तीन दिवसांनी त्या बारक्यांच्या गर्दीत दोन गरगरीत पिवळे उगवले. अक्कांनी माझे हात धरले आणि आम्ही लॅबमध्येच फुगडी घातली. परीक्षानळ्या खुळखुळल्या, माझी चप्पल वजनकाट्यावर गेली आणि नेमके मास्तरांचे डॉक्टर दारात उभे.

धापा टाकत अक्कांनी सांगितलं, पाय नको, सळई काढा. मग आधी दोनदा 'वाढ नाही' कसं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "आमचं चुकलं."

'हिचं' नाही म्हणाल्या. मला हसूही येत होतं आणि रडूही, वर फुगडीची चक्कर होतीच.

सळई निघाली, मग औषध लागू पडलं, पाय वाचला. पुढे मास्तर केळ्यांचा घड घेऊन आले, तर अक्कांनी आधी त्यांना व्हरांड्यात लेफ्ट-राइट करायला लावलं. शिट्टी अक्कांनीच फुंकली.

निवृत्त होऊन अक्का सुरतला मुलाकडे गेल्या. पहिल्याच श्रावणात त्यांचा पुतण्या लॅबमध्ये आला आणि फडक्यात बांधलेला रोट त्याने माझ्यापुढे ठेवला. हा बाहेर देत नाहीत ना, मी विचारलं. तो म्हणाला, मीही काकूला तेच म्हटलं.

"मग?"

"म्हणे, तिले दे. बारीक शे, पन आमनीज शे."

मी खिडकीशी गेले, रोट उजेडात धरला, एक डोळा मिटला. दुसऱ्यातून काही दिसत नव्हतं. तसाच खाल्ला.