पोरीचा फोन

समस्त नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ‘कट’ हे इंग्रजी क्रियापद कोराडीच्या बसमधल्या एका काकांच्या मालकीचं होतं. त्यांच्या बोलण्यात लाईट कट व्हायची, केस कट व्हायचे, ट्रकवाला कट मारून जायचा. फक्त पुण्याच्या लेकीचा फोन ते कट करत नसत. बोलणं संपलं की चालू फोन खिशात ठेवायचे आणि ती कट करेपर्यंत खिशावर हात ठेवून बसायचे.

“बाकी सारं कट करतो गा,” मला म्हणाले होते, “पोरीले कसं करू?”

त्या बसमध्ये चढलो की अजून मी त्यांची खिडकी शोधतो.

एकदा लेकही हटून बसली, फोन कट करेना. काकांचा स्टॉप आला, तरी ते उठेनात. शेवटी कंडक्टर त्यांच्या खिशाशी वाकून ओरडला, “ताई, तूच कट कर वं. तुह्या बाबाचा स्टॉप आला, थे उतरूनच नाही राहिले.”