रुईचा चीक

जुईनगरला आमच्या तळमजल्याच्या घरामागे मातीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे मी रुई लावली, ती केवळ पानांसाठी. जाड पानं, वर चंदेरी लव. बोटाने पुसली की खालचा हिरवा रंग दिसायचा. भर उन्हाळ्यातही झाड भरलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "घराजवळ रुई नको गं, चीक वाईट तिचा." मी हसण्यावारी नेलं. सासूबाई साताऱ्याकडच्या, दर शनिवारी त्या मारुतीसाठी या पानांचा हार करायच्या.

एका शनिवारी पानं खुडताना चीक त्यांच्या उजव्या डोळ्यात उडाला. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. थोडं चुरचुरलं, त्यांनी पाणी मारलं आणि हार पुरा केला. रविवारी सकाळी मी चहा ठेवला, तर त्यांचा हात कपाच्या शेजारी टेकला, पुढे सरकला, परत मागे आला.

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. कालचा चीक उडालाय जरा. धुकं आल्यागत दिसतंय."

"दुखतंय?"

"दुखत असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

डावा डोळाही न दुखताच गेला होता; दुखत नाही, याचीच मला भीती वाटली. नवरा उरणला गोदामात पाळीवर, फोन लागेना. रिक्षा करून सानपाड्याला गेलो. डोळ्यांचा दवाखाना रविवारचा बंद होता. फोन केल्यावर डॉक्टर वरच्या घरातून खाली आले.

"बुबुळाला सूज आहे," ते म्हणाले. "चीक आत कितपत गेलाय, ते दोन-तीन दिवसांत कळेल."

"दिसेल ना त्यांना?"

"थेंब तासातासाला घाला. चुकवू नका."

घरी मी दर थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यासमोर बोटं धरायची. "किती?" सोमवारी मी हात वर करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तीन." म्हणजे इतका वेळ त्या अंदाजानेच सांगत होत्या. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नवरा पाळीवरून परतला. मागच्या दारात उभा राहून झाडाकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मंगळवारी मी कोयता घेतला. पहिला घाव घातला तसा आतून आवाज आला, "काय तोडतीस?"

"रुई."

"थांब. मला दिसाय लागू दे. मग काय करायचं ते मी सांगीन."

मी कोयता ठेवला. थेंब घालत राहिले.

गुरुवारी थेंब घालायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या गाऊनचं वरचं बटण तुटलंय बघ." मला रडूच आलं. त्या वैतागल्या, "अगं, बटणच तुटलंय न्हवं!"

नजर पूर्ण साफ व्हायला आणखी दोन आठवडे लागले. मग त्यांनीच सांगितलं, "आता काढ ती." नवऱ्याचं हेल्मेट घालून, काच खाली ओढून मी ती मुळासकट काढली. आता हार स्टेशनबाहेरून आणतो. प्रत्येक पानाचा देठ मी आधी ओल्या फडक्याने पुसते, आणि त्यावरून आई अजून चिडतात.